मान खाली घालून

प्रिझमचा कोपरा फुटला पंचगंगेच्या घाटावर.
पायरीला शेवाळ होतं, चूक माझीच.
कॅमेऱ्याला बाकी काही झालं नाही,
तोच जुना खटका, तोच पडदा.
फक्त डोळा लावला की आत एक काळी चीर
आणि चिरेच्या अल्याड-पल्याड दोन अर्धी गावं.

नवा प्रिझम मिळत नाही. मिळाला तर पगार जातो.
म्हणून एका रविवारी
तो काचेचा गड्डा उचकटून वाटीत ठेवला, गुळाच्या खड्यासारखा,
आणि वरूनच वाकून बघितलं:
काडेपेटीएवढी दुधी काच,
तिच्यात आमची खिडकी, पेरूचं झाड, दोरीवरचा टॉवेल,
सगळं उजेडात विरघळलेलं. ताकासारखं पातळ.

अंधार हवा होता. चार भिंतींचा, चार बोटं उंच.
पहिला केला एक्स-रेच्या काळ्या पाकिटाचा;
वाऱ्यानं फडफडला.
दुसरा पेढ्यांच्या खोक्याचा, आतून काजळ फासून;
रंकाळ्यावर भेळवाला सुट्टे पैसे देताना
माझ्या नाकाकडे बघत राहिला.

भिंग दिलं घड्याळवाल्या शिकलगारांनी,
एक कड उडालेलं.
"माझी नजर आता ह्याच्याबी पलीकडं गेली. घेऊन जा."

तिसऱ्या खेपेला गेले सुभाषनगरात, व्हटकरांकडे.
शांताप्पांनी कॅमेरा गिऱ्हाइकाच्या पायासारखा कागदावर ठेवला
आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली.
"कितवा नंबर म्हणायचा ह्येचा?"
बाभळीच्या सालीत मुरलेलं पातळ कातडं,
रापीनं चार तुकडे, वर जरा फाकलेले,
आतून काळा रंग, भिंगाला वादीची बिजागरी.
दाबलं की मिटतं, सोडलं की फणा.
तीन तास गेले.
पैसे विचारले तर म्हणाले,
"एकाच पायाच्या चपलेचं काय घेऊ?"

कमरेशी धरला. मान खाली घातली.
कातड्याच्या वासाच्या त्या खोल चौकोनात
उंबऱ्याशी हौसाक्का, गुडघ्यात चप्पल धरून वेणी घालत होत्या,
दारातला उजेड नुसता बोटांवर.
काचेत डावं-उजवं उलटं होतं, हे वाचलेलं होतं,
पण वाचलेलं हातांना कुठं कळतं?
त्यांना मधोमध आणायला मी डावीकडे वळले
तर त्या चौकटीतून निघूनच जायला लागल्या.

"बगू मला," म्हणत शांताप्पांनी कॅमेरा घेतला. वाकले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "हौसे, ह्यात तू उजव्या हातानं वेणी घालतीस की गं!"

हौसाक्कांचा हात थांबला. डावा.
"सासूबाईनी ह्या हाताला फडकं बांधलं हुतं," त्या मला म्हणाल्या,
जणू दुसऱ्या कुणाच्या हाताबद्दल.
"दोन महिनं. वेणी उलटी पडती म्हणायच्या.
सुटलं तवा पुन्हा ह्योच हात पुढं आला.
मग डाव्या पायाच्या तेवढ्या माझ्याकडं द्यायला लागल्या."

शांताप्पा अजून वाकलेलेच होते,
काचेतल्या त्या उजव्या बाईकडे बघत.

"आणि फोटोत कसली येणार मी?"
"फिल्मवर सरळ येतं. आहे तशी. डावी."
त्यांनी वादीचं टोक दातात धरून ओढलं.
"मग काढा."

सतरावा तो. रोल अजून आत आहे.
संध्याकाळी गुजरीतून येत होते,
फणा उघडा, मान खाली,
तर एक पोरगं थांबलं: "काय पडलंय का, मॅडम?"
आणि माझी वाट न बघता वाकून शोधायलाही लागलं.
काचेत ते उजवीकडून आलं, डावीकडे गेलं.
म्हणजे, उलट.